हाताने बसणारा पाईप

गॅरेजमध्ये तिला सगळे ताई म्हणत. गिऱ्हाईकं म्हणत, सामान आणून देणारा म्हणे, शेजारचा पेंटर वयाने तिच्यापेक्षा मोठा, तोही ताईच म्हणे. खरं तर ती ताई एकट्या छोट्याची, धाकट्या भावाची. छोट्या आता दाढीवाला गडी, दारातून आत येताना मान वाकवणारा, गॅरेजचा सगळा कारभार बघणारा. पण ताईच्या लेखी तो छोट्या तो छोट्याच. हे गॅरेज उभं केलं त्यांच्या बाबांनी. ते आता दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देत. कोणी मागितलेले नसत, तरी देत.

ताईचं काम वेल्डिंगचं. आणि वेल्डिंग म्हणजे काय, तर सायलेन्सर. गंजलेले, भोक पडलेले, खड्ड्यात आपटून लोंबणारे सायलेन्सर यायचे, ताई त्यांना ठिगळ लावायची, ते पुन्हा गंजून पुन्हा यायचे. वर्षानुवर्षं हेच. हात असा की तिच्या वेल्डिंगवरून लोक उगाच बोट फिरवून बघत. पण ठिगळ ते ठिगळ. गाडीच्या पोटाखाली गेलं की संपलं, कोण कशाला त्याची आठवण काढतंय! ताईला या सगळ्याचा वीट आला होता आणि ती तो लपवतही नसे.

डाऊनपाईप तिच्या डोक्यात शिरला तो छोट्याच्या गाडीमुळे. छोट्याची गाडी टर्बोची. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या टर्बोच्या तोंडापासून खाली उतरून मागच्या सायलेन्सरकडे जाणारा जो पाईप, तो डाऊनपाईप. कंपनीने दिलेला पाईप अरुंद, शिवाय मध्येच चेपलेला. धुराला बाहेर पडायलाच जागा नाही, मग गाडी उठणार कशी?

"याच्यापेक्षा चांगला मी करीन," ताई म्हणाली. "रुंद, सुबक वळणांचा, धूर गाळणारी जाळी आहे तशी ठेवून. आणि एकट्या तुझ्या गाडीसाठी नाही हं. या मॉडेलच्या कुठल्याही गाडीला बसेल असा. आपल्या गॅरेजचा पाईप."

छोट्याने दाढी खाजवली. "ताई, सायलेन्सर घेऊन आलेली गिऱ्हाईकं खोळंबून माझ्या नावाने बोटं मोडतायत. तू पाईपांची एक खेप करून बघ. लोकांच्या गाड्यांना बसला तर बसला. नाही तर हा नाद सोडायचा आणि पुन्हा सायलेन्सर. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली. ही खेप हुकली की पुढचा सगळा जन्म ठिगळांत.

मग छोट्याची गाडी लिफ्टवर चढली आणि ताई तिच्याखाली गेली. स्टीलच्या पाईपाचे तिरके काप करायचे, एकाला एक जोडून वळण घडवायचं, गाडीखाली धरून बघायचं, नाक मुरडायचं आणि पुन्हा कापायचं. वेल्डिंग करताना पाईपाच्या आतही न पेटणारा गॅस भरून ठेवायचा, म्हणजे आतली बाजू जळून खरखरीत होत नाही. आत कोण बघणार आहे, असं छोट्या म्हणाला. "धूर बघणार आहे," ताईने सांगितलं.

पाईप तयार झाला आणि गाडीला असा बसला की बाबांनीसुद्धा सल्ला दिला नाही. ताईने मग त्यावरून जिग बांधला, म्हणजे जाड लोखंडी पाटावर खुंट्या आणि पट्ट्या असलेला साचा. त्यात तुकडे अडकवले की पुढचा प्रत्येक पाईप हुबेहूब पहिल्यासारखा. त्या जिगवर तिने आणखी पाईप केले आणि भिंतीला टांगले. पेंटर येऊन बघून गेला, टायरवाला बघून गेला. ताईने चार दिवस चांगलाच भाव खाल्ला, आणि का खाऊ नये?

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरीणबाई. दवाखान्यात शांत, गाडीत बसल्या की वेगळ्याच. त्यांची गाडी छोट्याच्याच मॉडेलची. ताईने पाईप टर्बोला लावला, वरचं तोंड झकास बसलं. खालचं टोक मात्र मागच्या पाईपापासून बोटभर बाजूला राहिलं.

ताईने काढून पुन्हा लावला. पुन्हा बोटभर.

"हात्तिच्या, एवढंच ना?" म्हणत छोट्या पहार घेऊन आला. "वरचे नट सैल कर, मी खालून रेटतो, तू आवळ. बाजारातला कुठला पाईप पहार न लावता बसतो, सांग बरं."

"लाल होईपर्यंत तापणारी वस्तू आहे ती. ओढून ताणून बसवली तर आज बसेल आणि उद्या जोडावर तडकेल. ठेव ती पहार खाली."

"मग यांची गाडीच कुठेतरी ठोकलेली असणार."

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. "माझी गाडी आजवर कुठेही ठोकलेली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. छोट्याने पहार खाली ठेवली.

बाईंच्या ओळखीतली तशीच दुसरी गाडी आणवली. तिलाही टोक बोटभर सरकलेलं, आणि त्याच बाजूला. पाईप पुन्हा जिगवर ठेवला, तर तंतोतंत. छोट्याच्या गाडीला लावला, तर झकास. ताईचं डोकं भणभणून गेलं. जिग बरोबर, पाईप बरोबर, हात बरोबर, मग घोडं पेंड खातंय कुठे?

"दोन्ही गाड्या वाकड्या आहेत," छोट्या म्हणाला.

"दोन्ही वाकड्या, त्याही एकाच बाजूला, आणि तुझी तेवढी सरळ?"

"माझी गाडी म्हणजे घड्याळ आहे, ताई."

ताईने बॅटरी घेतली आणि ती घड्याळाखाली शिरली. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं, तिथे उजेड पाडला. रबर बसून पार चपटं झालेलं, कडेला चिरलेलं. इंजिन एका अंगाला कललेलं, आणि इंजिनाबरोबर टर्बोही. ताईने जीव ओतून जे मोजलं होतं, ते त्या कललेल्या इंजिनाचं माप होतं. छोट्याच्या गाडीतली खोट तिने जिगमध्ये उतरवली होती आणि मग एकामागून एक सगळ्या पाईपांत. लोकांच्या गाड्या रोज उघडून तपासणाऱ्या दोघांना घरची गाडी तपासायचं सुचलंच नव्हतं. ती आपली गाडी, तिच्यात काय खोट असणार!

"छोट्या, तुझ्या घड्याळाचं माउंटिंग गेलंय."

छोट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वतः खाली वाकून बघितलं, बोटाने रबर दाबून बघितलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "दुसऱ्यांच्या गाड्या वाकड्या म्हणत होता ना रे?" त्याने तेही ऐकून घेतलं.

"आता काय करायचं?" शेवटी त्याने विचारलं. "खेप तर हुकली."

"हुकली नाही. खेप अजून संपलेली नाही." ताईने ग्राइंडर उचलला. ज्या जिगच्या जोरावर चार दिवस मिरवलं होतं, त्याच्या खुंट्या तिने स्वतःच्या हाताने कापून काढल्या. भिंतीवरचे पाईपही खाली आले. पेंटर म्हणाला, अहो ताई, राहू द्या की, कोणाला कळतंय. ताईने चष्मा वर करून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आपल्या रंगाकडे परत गेला.

डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या गाडीवाल्यांना साकडं घातलं. लोक हसत हसत गाड्या आणत, ताई खाली सरपटत जाई. आधी माउंटिंग बघायचं, रबर धड असेल तरच माप घ्यायचं. गाडीगाडीत केसभराचा फरक निघे. त्यातलं मधलं माप धरून तिने नवा जिग बांधला, आणि तेवढा फरक पोटात घ्यायला पाईपात जाळीदार लवचिक तुकडा जोडला. छोट्या सायलेन्सरवाल्यांना थोपवून धरत होता.

डॉक्टरीणबाईंची गाडी पुन्हा लिफ्टवर चढली तेव्हा बाबा खुर्ची सोडून लिफ्टखाली येऊन उभे राहिले. छोट्या सवयीने पहार घेऊन आला होता. ताईने पाईप दोन हातांत धरला, वरचं तोंड टर्बोला टेकवलं आणि खाली बघितलं. खालचं टोक मागच्या पाईपासमोर येऊन थांबलं होतं, भोकासमोर भोक. तिने बोल्ट सरकवले आणि नट नुसत्या बोटांनी फिरवत नेले. पाना लागला तो शेवटच्या आवळण्यापुरता.

"माझा पाईप आहे," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "मी केलाय."

डॉक्टरीणबाई चक्कर मारून आल्या त्या हसतच. पाय ठेवायचा अवकाश, गाडी निघतेच, म्हणाल्या. त्यानंतर ज्यांच्या गाड्यांखाली ताई सरपटली होती, ते एकेक करून आले. गॅरेजसमोर टर्बोच्या गाड्यांची रांग लागली आणि सायलेन्सरवाले पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले.

त्याच गडबडीत एका दुपारी छोट्याने आपल्या गाडीला नवं माउंटिंग घातलं. इंजिन सरळ झालं. आणि तो पहिला पाईप, ज्याच्यावर सगळं गॅरेज लट्टू झालं होतं, तो आता त्याच्या गाडीला बसेना. बरोबर बोटभर बाजूला. छोट्याने पहारेकडे एकदा बघितलं. मग पाईप काढून भंगारात ठेवला, हात पुसले आणि ताईच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, मला पण एक लागेल. नवा."

"करू की." ताईने कामावरून मान वर केली नाही. "तुझ्याआधी चारजण आहेत."

"अगं, सख्खा भाऊ आहे मी तुझा."

"ते चौघं आधी आलेत, छोट्या."

छोट्या हसला. एवढं मोकळं हसताना ताईने त्याला कितीतरी दिवसांनी पाहिलं. मग पाईप नसलेली ती गाडी खांदा लावून ढकलत त्याने बाहेर काढली आणि रांगेत सगळ्यांच्या मागे नेऊन उभी केली.