वयाची अट

इस्पितळाच्या धुलाईखान्यातून मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा मुलाने त्यांना एक आरामखुर्ची आणून दिली. आठवडाभर त्या तिच्यात बसल्या, मग तिच्यावर वाळलेले कपडे ठेवू लागल्या. उभं आयुष्य रक्ताचे नि औषधांचे डाग काढण्यात गेलेलं. आता दिवस खायला उठत होता. घराच्या पुढच्या खोलीत लाँड्री काढायची, असं त्यांनी जाहीर केलं. मुलगा म्हणाला, लोक काय म्हणतील? मावशी म्हणाल्या, कपडे कधी मिळतील असं विचारतील.

मोठ्या यंत्राला पैसा हवा होता. नव्या धंद्यांना सरकारी कर्ज मिळतं असं कळलं, तशा त्या सुनेला घेऊन कचेरीत गेल्या. साहेबांनी जन्मतारीख पाहिली आणि चष्मा काढला.

"आजी, हे पंचेचाळीसच्या आतल्यांसाठी आहे. सुनेच्या नावाने अर्ज करा. धंदा तुम्हीच चालवा, कोण बघतंय?"

सून सही करायला तयारही होती. मावशींनी तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

"राबणार मी आणि नाव तिचं? आणि आजी मी माझ्या नातीची. माझ्या वयाच्या माणसाला मिळेल असं काही असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणून लिहून द्या."

लिहून द्यायची वेळ आली तसं साहेबांना बरंच काही आठवलं. वयाची अट नसलेली एक योजना निघाली. यंत्राची निम्मी किंमत सरकार देणार, उरलेली निम्मी एखाद्या स्थानिक संस्थेने कर्जाऊ द्यायची. वस्तीत अशी संस्था एकच, महिलांचा बचत गट. आणि त्याची अध्यक्ष मावशींची धाकटी जाऊ. सासूच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं फाटलं होतं. इतकं, की रस्त्यात समोरासमोर आल्या की एकीला दुकानातलं काहीतरी आठवायचं.

सून म्हणाली, मी बोलते काकूंशी. मावशींनी तेही ऐकलं नाही. गटाच्या बैठकीला त्या स्वतः गेल्या आणि उभ्यानेच मागणी मांडली. कोणीतरी कुजबुजलं, या वयात कर्ज, उद्या काही बरंवाईट झालं तर?

"तर यंत्र तुमचं," मावशी म्हणाल्या. "मी काही ते वर घेऊन जाणार नाही."

सगळ्या अध्यक्षीणबाईंकडे बघू लागल्या. जाऊने पेनला टोपण लावलं.

"जाऊबाई हट्टी आहेत, तोंडाने फटकळ आहेत," ती इतरांकडे बघत म्हणाली. "पण हप्ता चुकवायच्या नाहीत. मला बोलायला जागा मिळू नये म्हणून तरी वेळेवर भरतील. देऊन टाका."

मावशींनी आभार मानले ते गटाचे. तिच्या एकटीचे नाहीत.

यंत्र दारातून आत जाईना, तेव्हा मुलाने कुरकुरत का होईना, चौकट उखडली. पहिलं काम जवळच्या वसतिगृहाच्या चादरींचं मिळालं, मग खानावळीचे टेबलक्लॉथ आले.

एका दुपारी जाऊ पडद्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. तिने दर विचारला, मावशींनी सांगितला.

"घरच्यांना काही सूट?"

"आहे की. पण घरच्यांनी आधी बोलायला लागावं."

जाऊ बाकावर टेकली. यंत्र घरघरत होतं. सासूबाईंचं अंथरूण तेव्हा तुम्हीच धूत होता, ते मी चारचौघांत कधी बोलले नाही, असं ती हळूच म्हणाली. मावशींनी मान हलवली आणि तिला सरकून बसायला सांगून त्या तिच्याशेजारी बसल्या. मग पडद्यांना खळ किती घालायची, यावर दोघींचं चांगलंच वाजलं.

पैसे मावशींनी पुरते घेतले. सूट पुढच्या खेपेपासून, म्हणाल्या.