ढोल्याची पावलं

स्टुडिओत तिला सगळे पावलंबाई म्हणायचे. पडद्यावर कुणी चाललं, पळालं, जिन्यावरून घसरलं, की पाय त्या नटाचे असायचे आणि आवाज हिचा. तिच्या वडिलांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी काउंटरमागे बसून अभ्यास करताना मान वर न करता तिला कळायचं, की आत आलेला माणूस थकलेला आहे, घाईत आहे की भांडायच्या तयारीने आला आहे.

एकदा ती दुरुस्त केलेले बूट पोहोचवायला स्टुडिओत गेली. तिथे एका काळोख्या खोलीत एक भलादांडगा तरुण उंच टाचेचे बायकी बूट हातांत घालून फळीवर टकाटका आपटत होता. समोर पडद्यावर एक नर्स व्हरांड्यातून चालली होती. मुलीला हसू फुटलं.

"हसायला काय झालं? सोपं वाटतंय का?" तरुण वैतागला. "घाल पायात आणि चालून दाखव."

तिने चालून दाखवलं. नर्स पुन्हा पुन्हा व्हरांड्यातून गेली आणि दर वेळी पाऊल बरोबर जागेवर पडलं. त्या दिवशी दुकानात परतायला उशीर झाला आणि तिला वडिलांची बोलणी खावी लागली. पुढे त्याच तरुणाशी तिचं लग्न झालं. त्याला सगळे भाऊ म्हणत. ती 'अहो' म्हणायला लागली.

तेव्हापासून दोघं त्याच खोलीत शेजारी शेजारी उभी राहून काम करत आली. पायाखाली चौकोनी खड्डे: एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकावर लाकडी फळ्या. भिंतीशी भंगाराचा ढीग: गंजकी कुलपं, साखळ्या, पत्र्याची ताटं, एक दार, ज्याच्यामागे खोलीच नव्हती. काम करताना दोघं एकमेकांकडे बघत नसत, डोळे पडद्यावर. पण पडायच्या आधी भाऊ नाकाने खोल श्वास घ्यायचा, तेवढा तिला पुरायचा. घरी मात्र याच माणसाला चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवता येत नसे.

मुलंबाळं झाली नाहीत. त्याबद्दल सुरुवातीला दोघं खूप बोलली, नंतर बोलेनाशी झाली. वय पन्नाशीच्या पुढे गेलं तेव्हा एक जुना परदेशी चित्रपट आपल्या भाषेत करायचं काम आलं. दोन फिरते न्हावी, एक ढोल्या, एक काड्या. न्हाव्याची जडशीळ खुर्ची खेचरावर लादून धुळीच्या, घोड्यांच्या, पिस्तुलांच्या मुलखातून जात असतात. एका गावाला वाटतं, हेच ते नामचीन दरोडेखोर. मग काय, धावाधाव, मारामारी, पडापडी. दुसरं त्या चित्रपटात काही नव्हतंच. मूळ टेपवर आवाज आणि परक्या भाषेतले संवाद एकमेकांत कालवलेले होते, त्यामुळे संवाद काढले की सगळंच जायचं. एकूण एक थप्पड नव्याने मारायची होती.

वाटणी आपोआप झाली. ढोल्या भाऊकडे, काड्या तिच्याकडे. भाऊ ओल्या चामड्याचा हातमोजा स्वतःच्या मांडीवर मारायचा आणि पडद्यावर काड्याचा गाल लाल व्हायचा. ती कोबीचा गड्डा फळीवर आपटायची आणि ढोल्याचं डोकं खांबाला लागायचं. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट, जाड चष्म्याचा, एरवी तोंड पाडून बसणारा, या चित्रपटात हसून हसून चष्मा पुसायचा.

त्या दिवशी छप्पर मोडायचं होतं. छपरावर लपलेला ढोल्या छपरासकट खाली जेवणाच्या टेबलावर कोसळतो, उठतो, कोट झटकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात दाराकडे चालू लागतो. भाऊ उंच लाकडी ठोकळ्यावर उभा राहिला. खाली फळ्या आणि त्यावर पातळशी गादी. ती पत्र्याची ताटं आणि वाळक्या पट्ट्या घेऊन तयार. तिला त्याचा श्वास ऐकू आला. तो पडला. तिने पट्ट्या मोडल्या, ताटं उधळली.

"वा भाऊ, वा!" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "याला म्हणतात पडणं!"

पडद्यावर ढोल्या उठला. कोट झटकला. दाराकडे निघाला. पण पावलांचा आवाज येईना.

"अहो, पावलं!" ती पडद्यावरची नजर न हलवता पुटपुटली. "अहो, निघाला तो!"

ढोल्या दारापर्यंत मुक्याने चालत गेला. तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं.

अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "जीव वाचला हेच खूप समजा," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं हळूहळू येईल. येईल तेवढं आपलं." दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा भाऊची मोठी बहीण, तिची नणंद, बॅग घेऊन दारात उभी होती. वन्सं शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, विधवा, आणि आवाज अजून वर्गातला. आल्या तशा पदर खोचून कामाला लागल्या. औषधं, पथ्याचं खाणं, अंग पुसणं, कशात म्हणून कमी पडल्या नाहीत.

काही दिवसांनी रेकॉर्डिस्ट घरी आला. भाऊजवळ बसला, उगाच हवापाण्याचं बोलला. निघताना दारात थांबून तिला म्हणाला, "बाई, चित्रपट अर्धा राहिलाय. दुसऱ्या कुणाला बोलावू का? तुम्ही नाही म्हणालात तर कुणी नावं ठेवणार नाही."

"मी करीन," ती म्हणाली. "दोघांचंही मीच करीन."

तो गेल्यावर वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि तू तिकडे थपडांचे आवाज काढायला जाणार?"

"वन्सं, ते अर्धं टाकून आलेत."

"अगं, तो स्वतःच अर्धा झालाय, त्याचं बघ आधी!"

तिने चपला घातल्या आणि बाहेर पडली.

काड्याचं काम सरळ झालं. घोडं अडलं ते ढोल्यापाशी. तिची अंगकाठी चिपाडासारखी. भाऊचे बूट घातले, आत चिंध्या कोंबल्या, पाठीवर धान्याचं पोतं घेतलं आणि चालली. रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले. "बाई, हा ढोल्या नाही वाटत. हमाल वाटतोय. ओझं वाहणारा." त्याचं खरं होतं. पोतं पाठीवर असतं, लठ्ठपण पाठीवर नसतं. ती रोज सराव करत राहिली आणि रोज हमालच चालत राहिला.

घरी सकाळी भाऊला खाटेवरून खिडकीजवळच्या खुर्चीत न्यायचं काम तिचं. त्याचा डावा हात तिच्या गळ्यात, त्याचं सगळं वजन तिच्या कुशीवर, आणि दोघांनी मिळून खोली ओलांडायची. एका सकाळी तशी नेत असताना स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला आणि वन्सं उलथनं हातात घेऊन धावत दारात आल्या. चेहरा उजळलेला.

"भाऊ चालला? आपला आपण चालला का गं?"

मग त्यांना दोघं दिसली. तिच्या गळ्यात लोंबणारा भाऊ, फरफटणारा पाय. वन्संनी उलथनं खाली केलं. "मला वाटलं..." म्हणाल्या आणि वळून आत गेल्या. तव्यावरचं करपल्याचा वास घरभर पसरला.

ती भाऊला खुर्चीत बसवून तशीच उभी राहिली. वन्संना फसवलं ते तिच्याच पावलांनी. वजन बाजूला धरलं की टाच आधी टेकते, मग पाऊल थोडं बाहेर वळतं, मग एक थांबा येतो, जणू जमिनीला विचारून पुढचं टाकावं. भाऊ धडधाकट होता तेव्हा असाच चालायचा. एवढी वर्षं शेजारी उभी राहून तिने ते ऐकलं होतं, पण पायाला कळलं ते आज. तिला आधी आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. आत वन्सं रडत होत्या, आणि ही बाई मनातल्या मनात पावलं घोटत होती.

स्टुडिओत गेल्यावर तिने पोतं बाजूला ठेवलं. कुशीला कुणी बिलगलंय असं धरून ती फळ्यांवर चालली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन कानांवर दाबून धरले.

"भाऊच चाललेत," रेकॉर्डिस्ट शेवटी म्हणाला.

त्यानंतर काम भराभर झालं. छपराचा प्रसंग तेवढा तिने शेवटपर्यंत मागे ठेवला. मग तोही आला. ती ठोकळ्यावरून पडली, पट्ट्या आणि ताटं वेगळी वाजवली.

"चालेल," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचं 'चालेल' तिला ठाऊक होतं. तो घुटमळला. "बाई, बोलू नये, पण त्या दिवशीचा आवाज माझ्याकडे आहे. पुसायचं धाडस झालं नाही. पडणं म्हणून त्याला तोड नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"त्यावर लोक हसतील," ती म्हणाली.

"हसायलाच तर आहे चित्रपट."

"हसू देत ना पोटभर. माझ्या पडण्यावर हसू देत. त्यावर नको."

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली आणि तिच्यादेखत ती टेप पुसली. पुसण्याआधी ऐकायची आहे का, असं त्याने विचारलं. ती नाही म्हणाली.

सगळं जुळवून झाल्यावर त्याने भाऊला बोलावलं. चाकांच्या खुर्चीतून आणलं, काचेपलीकडे आपल्याशेजारी बसवलं. भाऊने डोळे मिटून घेतले. ढोल्या चालला तेव्हा त्याची भुवई वर गेली. डोळे उघडून त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. मग छप्पर मोडलं आणि ढोल्या टेबलावर आदळला. भाऊचं तोंड वाकडं झालं. ओठ हलायला लागले. दवाखान्यातून आल्यापासून त्याच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता.

"ह... हल... हलकं."

रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून नवऱ्यासमोर गेली.

"इतके दिवस तुमच्या एका शब्दासाठी जीव टांगणीला लावून बसलेय मी. आणि पहिला शब्द काय, तर हलकं? कौतुक राहिलं बाजूला, खोड काढायला बरी वाचा फुटली!" ती बोलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ ऐकून घेत होता. तिचं संपल्यावर डावा हात उचलून त्याने ठोकळ्याकडे बोट केलं.

ती आत गेली. ठोकळ्यावर चढली. आजवर ती पडताना अंग सावरून पडायची, कोपर आधी, मग खांदा. या वेळी काहीच सावरलं नाही. पडद्यावर छप्पर करकरलं आणि तिने स्वतःला सोडून दिलं. क्षणभर तिला श्वास घेता येईना. छताकडे बघत पडून राहिली असताना काचेपलीकडून भाऊचा घोगरा आवाज आला, "पावलं!"

ती उठली. कोट झटकल्यासारखा आवाज हातांनी काढला आणि ढोल्याला दारापर्यंत नेलं. पाठ पुढे पंधरवडाभर ठणकत होती.

चित्रपट लागला तेव्हा तिघं दुपारच्या खेळाला गेली. वन्सं यायलाच तयार नव्हत्या, "मला नाही आवडत असली मारामारी." पण भाऊला धरायला दुसरं माणूस हवं म्हणून आल्या. थिएटर अर्धंअधिक भरलेलं होतं. पहिल्या थपडेला वन्सं दचकल्या. खेचर खुर्चीसकट खाली बसलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. आणि छप्पर मोडून ढोल्या टेबलावर आला, तेव्हा वन्सं अशा हसल्या, की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं.

"केवढा आपटला गं मेला!" डोळे पुसत त्या तिच्या कानाशी लागल्या. "लागलं असेल ना त्याला?"

"नाही वन्सं," ती म्हणाली. "त्याला काही लागलं नाही."

पलीकडे भाऊचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून आता कळत नसे, आणि अंधारात तर मुळीच नाही. तिने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

भाऊ त्यानंतर तीनेक वर्षं जगला. थोडंफार बोलायला लागला. कधी तिच्या कामाला नावं ठेवायचा, कधी 'बरं' म्हणायचा. तो गेल्यावर वन्सं परत गेल्या नाहीत. दोघी एकत्र राहतात. पावलंबाई अजून स्टुडिओत जाते, पण ठोकळ्यावरून पडायचं काम आता दुसऱ्यांना देते. सकाळी ती निघाली, की वन्सं स्वयंपाकघरातून विचारतात, "आज कोण चालणार आहे?" आणि ती सांगते, आज एक पोस्टमन आहे, आज एक म्हातारी आहे, आज दोन लहान मुलं आहेत, पळत सुटलेली.