अर्पणपत्रिकेचं पान

पुस्तकाची पहिली पानं सगळ्यात शेवटी छापतात, हे वाचणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. आमच्या धुळ्याच्या छापखान्यात तर टाइपच इतका तोकडा, की सोळा पानं जुळवायची, छापायची, अक्षरांचे खिळे सोडवून परत खणांत टाकायचे आणि मग पुढच्या सोळांना हात घालायचा. नाव, अर्पणपत्रिका वगैरे अगदी शेवटी. मी तिथे प्रुफं तपासायचो आणि त्या बदल्यात शेठ माझं चार पानी वार्तापत्र छापून द्यायचे. ते कोण वाचायचं देव जाणे, पण मी स्वतःला संपादक म्हणवून घ्यायचो आणि संपादकाला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता.

त्या वर्षी साक्रीकडचे एक निवृत्त गुरुजी वही घेऊन आले. वहीत त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची, अहिराणी गाणी होती. कानबाई देवीची, लग्नातली, जात्यावरची. अक्कांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी निम्मीच गाणी सांगितली होती. आधी पुस्तक हातात ठेव, बाकीची मग सांगते, अशी त्यांची अट. गाणी उतरवून नेणारे त्यांच्याकडे पूर्वीही आले होते, पुस्तक घेऊन परत कुणी आलं नव्हतं. दुसरी वही मी आणूनच ठेवलीय, असं गुरुजी कौतुकाने सांगायचे.

काम रखडलं. मध्येच हँडबिलं येत, पावतीपुस्तकं येत आणि गुरुजींची पानं बाजूला सरकत. ते दर खेपेला एसटीने येऊन बाकावर बसत, प्रुफं वाचत आणि अवाक्षर न बोलता परत जात. त्यांच्या या भिडस्तपणाचा आम्ही फायदा घेतला, दुसरं काय.

लग्नसराईच्या तोंडावर फक्त सुरुवातीची चार पानं उरली. पुस्तकाचं नाव मोठ्या टाइपात जुळवलेलं, आणि नेमका तोच टाइप शेठना लग्नपत्रिकांसाठी हवा होता. आजच छापा, नाहीतर मी खिळे सोडवतो, असं त्यांनी बजावलं. त्याच दुपारी एसटीच्या कंडक्टरने गुरुजींची चिठ्ठी आणून दिली. अक्काला खाली घेतलं आहे, मी येऊ शकत नाही, शेवटची प्रुफं तुम्हीच बघा, एवढंच लिहिलं होतं.

आमच्याकडे माणसाला खाटेवरून जमिनीवर घेतात ते शेवटच्या घटकेला. चिठ्ठी सकाळची, आता दुपार टळत आलेली. अर्पणपत्रिकेत 'माझी थोरली बहीण अक्का हिला' असं होतं. मी त्यावर 'कैलासवासी' घालायला सांगितलं. गुरुजींवरचं एक दुःखाचं काम आपण उरकलं, असंही वाटलं मला. कंपोझिटरने नक्की का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. पान छापलं गेलं, खिळे सुटले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातून कुणाचं तरी शुभमंगल जुळलं.

अक्का वाचल्या. आठवड्याभराने त्या उठून बसल्या, आणि आम्हाला ते कळायच्या आत बाइंडरने पुस्तकांचा गठ्ठा गावी पाठवूनही दिला. गुरुजींनी आनंदाच्या भरात पहिलं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं.

मी माफी मागायला गेलो. अक्का खाटेवर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर. मी म्हटलं, प्रत्येक प्रतीत त्या शब्दावर स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटवतो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी मरी गयी, आसं तूच लिखं ना भाऊ?"

विषय बदलायचा म्हणून गुरुजींनी घाईघाईने दुसरी वही काढली आणि एखादं गाणं सांग म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मरेल बाई कोठे गाना म्हनस?"

त्यानंतर अक्का दोन वर्षं जगल्या. कानबाईच्या रोटांच्या सणालाही त्यांनी तोंडातून सूर काढला नाही. गुरुजींनी पुष्कळ विनवण्या केल्या म्हणे. मी पट्ट्या चिकटवल्या, सगळ्या प्रतींवर, पण त्या पट्ट्यांनी कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

अक्का गेल्यावर गुरुजी एकदाच छापखान्यात आले. तुमच्या वार्तापत्राला कागद लागत असेल, असं म्हणून त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली आणि एसटी गाठायला निघून गेले. पहिल्या पानावर त्यांनी शाळेतल्या वळणदार अक्षरात 'भाग दुसरा' असं लिहिलं होतं. पुढची पानं कोरी होती.