अख्ख्या बिल्डिंगचा ओव्हरकोट

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोकरीचा ओव्हरकोट एकच होता, तळमजल्यावरच्या काकांचा. काका स्वतः कधी लोणावळ्यापलीकडे गेले नव्हते, पण थंडीत कुणी उत्तरेला फिरायला निघालं की कोट त्याच्याबरोबर जायचा. त्यामुळे सगळ्यांच्या अल्बममध्ये तलावाकाठी तोच कोट उभा. काका फोटोतला माणूस बघायचेच नाहीत. "कॉलर वर करायची ना रे," एवढंच म्हणायचे.

कोट परत करताना लोक फुशारकीने सांगायचे, "एवढी काही थंडी नव्हती, काका." काकांचा चेहरा पडायचा.

त्या डिसेंबरात मी तो नैनितालला नेला. डोंगर पांढरे झाले होते, होड्या काठाला बांधून ठेवलेल्या, आणि तलावावरचं धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं. चहावाल्याच्या शेगडीला मी इतका चिकटून बसलो की ठिणगी उडून बाहीला भोक पडलं.

परत आल्यावर म्हटलं, आता वाट लागली. "काका, हे बघा, शेगडीची ठिणगी उडाली," म्हणत मी बाही पुढे केली. काकांनी भोकात करंगळी घालून बघितली.

"इतका जवळ बसलास?"

"काय करणार काका, दात वाजत होते."

"म्हणजे थंडी होती," ते म्हणाले आणि आत काकूंना चहा टाकायला सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

ते भोक त्यांनी कधी रफू करू दिलं नाही. पुढच्या माणसाला कोट देताना आधी ते दाखवायचे.