रंगखात्यातून घरी

खतमातीचा ओला वास आला की एक सकाळ आठवते. लोणंदच्या कारखान्यात, रंगखात्यात मी कायम कामगार होतो. रंगाच्या वाफेनं खोकला जडला होता, वास कळेनासे झाले होते. सुट्टीत उंब्रजला आलो. अंगणात कोवळं ऊन पेंगत होतं. बायकोनं न्हाऊ घालून धुरी दिलेली तान्ही लेक मांडीवर ठेवली. मी तिच्या टाळूला नाक लावलं. कसलाच वास आला नाही. डोळे भरले. "काय झालं?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं. "सोडावी वाटतं, पण नोकरी कायमची हाय गं." ती म्हणाली, "आवं, म्हणून छाती घालवून बसायचं व्हय? रोपं लावू, मी हाय की." ऊन हळूहळू लेकीच्या पायांवर सरकलं आणि मी "व्हय" म्हणालो. आता रोपवाटिकेवर घर जेमतेम चालतं. संध्याकाळी वाफ्यांमधून लेक पळते, आणि मी तिच्यामागं, न खोकता.