चमच्यात थांबणारं दही

चहा जरा खाली ठेवून ऐका, कारण आमच्या घरात या गोष्टीवर अजून कोणी मोकळेपणानं हसत नाही.

मी डेअरीत दही तपासते. घट्ट किती, मऊ किती, पाणी सुटतं का, हे माझं काम. बाबा टायफॉइडनं पार खंगून सिंदी मेघेला माझ्याकडे आले होते. दही-साखर तेवढी पोटात ठरायची. पण हात असा थरथरायचा की दही चमच्यातून घसरून सदऱ्यावर! मी भरवायला गेले तर तोंड फिरवलं.

"मी का लेकरू हाओ?" म्हणाले, आणि खाणंच सोडलं.

मग काय, पाजळली अक्कल! एक एन्झाइमची पूड असते. दुधात घातली की ती प्रथिनांना एकमेकांत गुंफते. मग विरजण लावल्यावर दही घट्ट जमतं, पाणी सोडत नाही, फार आंबतही नाही. चिमूटभर पुरते. पण लेकीची माया चिमटीत मावते का? मी चमचाभर घातली, वर भरपूर वेळ मुरू दिली.

सकाळी पातेलं उलटं केलं तरी दही ढिम्म हलेना! मी खूश. सुरीनं वड्या पाडल्या, साखर भुरभुरली आणि बाबांपुढे ठेवल्या.

बाबा उठूनच बसले. "गवरी जनली?"

गवरी म्हणजे त्यांची गाभण गाय, तिकडे आमच्या गावी, सिंदी रेल्वेला, काकांच्या गोठ्यात. दुधाच्या वड्या म्हणजे खरवस, आणि खरवस म्हणजे गाय व्याली. त्यांचं काय चुकलं, सांगा? डोळे भरून आले होते त्यांचे. वडी बोटांत धरून, एक थेंब न सांडता, दोन खाल्ल्या. आता कोणत्या तोंडानं सांगणार होते, की बाबा, हे दही आहे?

मी बशी विसळून येईपर्यंत त्यांनी काकांना फोन लावलासुद्धा. "काऊन रे, मले सांगतलं नाई? खरवस खाल्ला ना म्या! गोऱ्हा झाला का कालवड?"

काका सकाळपासून बाजारात. मोठ्या भावाचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. तसेच गोठ्याकडे पळाले. थोड्या वेळानं मला त्यांचा रडवेला फोन.

"पोरी, वासरू दिसून नाई राह्यलं! कुत्र्यानं नेलं वाटते. सारी आळी काठ्या घेऊन नाल्यात धुंडून राह्यली!"

"काका, आधी गवरीचं पोट पाहा."

"पोट?" फोनमधून गवरीचं हंबरणं ऐकू आलं. "पोट त हायेच. मंग खरवस कोनाचा होय?"

"दही होतं काका. माझं."

मागे वळले तर बाबा ऐकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उरलेल्या वडीकडे पाहिलं, आणि तीही खाल्ली.

"बोलली नाई ते बरं केलं," म्हणाले. "गवरी जनली नाई हे तवाच समजलं असतं, त घास उतरला नसता."

पुढच्या आठवड्यात गवरी खरंच व्याली. काकांनी आधी वासराचा फोटो पाठवला, मग खरवसाचा डबा. बाबांनी फोटो नीट पाहिला, वडी तोंडात टाकली, गंभीरपणे चावली.

"हा नरम हाय," म्हणाले. "तुया दह्यापेक्षा."

दही नरम आहे की नाही हे सांगायचाच मला पगार मिळतो हो!