पाचपैकी तीन

नवऱ्याची नोकरी मी माझ्या हातांनी घालवली. घरात असं कुणी म्हणत नाही, नवराही म्हणत नाही. पण ज्या पडद्यावर ते घडलं, त्यावरचा प्रत्येक डबा मी ठेवलेला होता आणि प्रत्येक बाण मी ओढलेला होता. मग उगाच दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू?

आमच्या हिंदी मुलखात, सुपेल्यात, पाण्याचे फिल्टर विकणारी आणि दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. तिच्या ऑफिसात मी तक्रारी बघते. पूर्वी काम झालं की मीच गिऱ्हाइकाला फोन करायची. "अंकल, मेकॅनिक आया था? पानी ठीक आ रहा है?" एवढं विचारलं की समोरचे अंकल दहा मिनिटं सोडत नसत. त्यात पाण्यापेक्षा गुडघेदुखी जास्त असे, पण काम कसं झालं ते नेमकं कळे. मग हेड ऑफिसनं नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि मॅनेजरसाहेब म्हणाले, "मैडम, अब फोन बंद. सर्वे अपने आप जाएगा. आप ही बना लो, इसमें कोडिंग-वोडिंग कुछ नहीं है."

खरंच नव्हतं. पडद्याच्या डाव्या बाजूला डबे होते. हवा तो डबा उचलून मध्ये आणायचा, त्यात काय करायचं ते लिहायचं आणि त्यातून पुढच्या डब्यात बाण ओढायचा. काम पूर्ण झालं, एक दिवस थांबा, गिऱ्हाइकाला मेसेज पाठवा, एक ते पाच गुण मागा. चार किंवा पाच आले तर आभार. चारपेक्षा कमी आले तर माफी, आणि मेकॅनिकच्या नावावर एक लाल नोंद. तीन महिन्यांत तीन लाल नोंदी झाल्या की दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव फेऱ्यांच्या यादीतून बाहेर. मला ते काम भलतंच आवडलं. स्वयंपाक सोडला तर मला जन्मात कुणी काही बनवायला सांगितलं नव्हतं. मी डबे सरळ रेषेत लावत बसे, बाण एकमेकांवरून जाऊ नयेत म्हणून जपे. एका कामासाठी एका घरातून एकदाच उत्तर घ्यायचं, ही अटही माझीच. नातवंडं आजोबांचा फोन घेऊन दहादा दाबत बसतील, असा मी दूरचा विचार केला होता.

शेवटचा डबा होता, 'आपली सूचना लिहा'. त्यातून बाण कुठे नेऊ, असं मी साहेबांना विचारलं. "कौन पढ़ेगा?" ते म्हणाले. कुणी वाचणार नाही, हे मलाही पटलं. लिहिलं की माणसाला मोकळं वाटतं, तेवढं पुरे, असा शहाणपणा करून मी तो डबा तसाच सोडला. त्यात बाण जात होता, त्यातून निघत नव्हता.

यादीत नाव नसलेल्या मेकॅनिकला सकाळी एक मेसेज जावा, अशी सोय होती. 'आज आपके लिए कोई विज़िट नहीं है.' एवढंच फार कोरडं वाटलं म्हणून मी पुढे जोडलं, 'आपका दिन शुभ हो.'

तेव्हा नवरा घरी बसून होता. रसमड्याच्या ज्या कारखान्यात ते होते, तो बंद पडून अकरा महिने झाले होते. उतईतल्या आमच्या भाड्याच्या घरात त्यांनी उघडली नाही अशी एक वस्तू उरली नव्हती. पंखा उघडला, इस्त्री उघडली, मिक्सर तर इतक्या वेळा उघडून जोडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलं. "सध्या काय करून राहिले?" असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? दाढी वाढली, आवाज बारीक झाला. मला त्यांच्या रागाची कधी भीती वाटली नाही, पण त्या बारीक आवाजाची वाटायची. शेवटी मी साहेबांच्या हातापाया पडून त्यांना आमच्याकडे मेकॅनिक म्हणून लावून घेतलं. पहिल्या दिवशी बॅग खांद्याला लावून ते आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जम रहा है ना अवं?" त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज परत आला. अकरा महिन्यांनी.

सर्वे सुरू झाला आणि पडद्यावर तीनच तीन पडायला लागले. ज्या मेकॅनिकची कधी तक्रार नाही, त्यालाही तीन. मी सूचनांचा डबा उघडून वाचला. 'काम उत्तम. वेळेवर आले. वागणूक चांगली.' आणि गुण तीन! सगळी इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेली मंडळी. मी साहेबांना म्हटलं, "सर, हमारे यहाँ लोग अच्छे काम को तीन देते हैं. तीन को हरे में डाल देती हूँ." ते म्हणाले, "हेड ऑफिस का फॉर्मेट है मैडम, पूरे इंडिया में यही चल रहा है." मी गप्प बसले. तेव्हाच भांडायला हवं होतं. पण लाल नोंदी तोवर दुसऱ्यांच्या नावावर पडत होत्या, हे खरं कारण. ते लिहिताना आज लाज वाटते.

मग नवऱ्याच्या नावावर पहिली लाल नोंद पडली. फिल्टरचा पार्ट दोन आठवडे उशिरा आला, त्याचा राग एका बाईंनी त्यांच्यावर काढला. दुसरी पडली ती तीनची. सूचनेत लिहिलं होतं, 'मेहनती आदमी है.' मेकॅनिकला आपल्या नोंदी स्वतःच्या फोनवर दिसतात. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "मामाजीले सांगू नको," एवढंच म्हणाले. मामाजी म्हणजे माझे बाबा. सासऱ्यापुढे पुन्हा मान खाली घालायची त्यांची तयारी नव्हती. मी शब्द दिला आणि पाळला. तो मोडला असता तर बरं झालं असतं.

तीन महिने संपायला आठ दिवस उरले होते आणि फेऱ्यांच्या यादीत वैशाली नगरातला बाबांचा पत्ता आला. सॉफ्टवेअरनं मेकॅनिक आपोआप निवडला, माझा नवरा. मी देवाला हात जोडले. म्हटलं, चला, आठातला एक दिवस तरी बिनघोर.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाबांचं उत्तर आलं. तीन. मी पडद्याकडे बघत राहिले. तो आकडा मी काढलेल्या बाणावरून गेला, लाल डब्यात शिरला, तिथून तिसऱ्या नोंदीच्या डब्यात. सगळं पापणी लवायच्या आत. फार नीट बनवलं होतं मी ते.

जेवणाच्या सुट्टीत स्कूटी घेऊन वैशाली नगरात गेले. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून खूश झाले. "काल जावई आले होते. काम एकदम साफ. मी खुर्ची टाकून शेवटपर्यंत पाहत होतो. वायसर पुसून, कोरडा करून लावला. असे कमी लोक लावते."

"मग बाबा, तीन कावून देल्ले?"

"कावून म्हंजे? तीन म्हंजे गुड. बत्तीस वर्सं मी शॉपमधल्या लोकाइचे सीआर भरले, पाच कोनालेच नाई देल्ले. पाच देल्ले का मानूस तिथंच थांबते." मग जरा पुढे वाकून, मोठं गुपित सांगावं तसे म्हणाले, "खरं सांगू का? चार देनार होतो. पन मनलं, घरचा मानूस आहे, उद्या कोनी म्हनन सासऱ्यानं वाढवून देल्ले. मनून एक कमी केला."

शॉप म्हणजे प्लांटमधला विभाग आणि सीआर म्हणजे माणसाच्या कामाचा वर्षाचा गोपनीय अहवाल. प्लांटमधल्या त्या कागदावर बाबांच्या सहीला वजन होतं, कारण ते कुणाचं एक अक्षर जास्त लिहीत नसत. माझ्या सख्ख्या काकांचा अहवालही त्यांनी असाच हात राखून भरला होता आणि काकांनी तो आयुष्यभर अभिमानानं सांगितला. असल्या माणसाला मी काय बोलणार होते? तरी सगळं सांगितलं. तीनचा अर्थ, लाल डबा, आधीच्या दोन नोंदी, उद्या सकाळी काय होणार ते. बोलता बोलता मला रडू फुटलं.

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मिटवता येत नाई?"

"एका घरातून एकदाच दाबता येते बाबा. मीच तसं केलं."

ते उठून आत गेले आणि कागद घेऊन बसले. प्लांटमध्ये लिहीत तसं, समास सोडून, विषय, संदर्भ, मग मजकूर. 'मी दिलेले तीन गुण हे समाधानकारक कामाचे असून ते कमी समजू नयेत. संबंधित कर्मचाऱ्याचे काम मी स्वतः पाहिले आहे. चूक मूल्यमापन करणाऱ्याची आहे.' हिंदीत एक प्रत, इंग्रजीत एक. खाली सही जुनीच, ठसठशीत. मी ते कागद पिशवीत घालून ऑफिसात आले. साहेबांनी दोन्ही पानं वाचली. माणूस वाईट नाही. म्हणाले, "क्या लिखा है अंकल ने! मैडम, इसको सूचना वाले में डाल दो. रिकॉर्ड में रहेगा."

मीच ते टाइप केलं, शब्द न् शब्द, त्या डब्यात.

मग एक शेवटचं केलं. आराखडा उघडला आणि चारच्या जागी तीन लिहिलं. साहेबांना विचारलं नाही. बदल लागू करा, हे बटण दाबलं. उत्तर आलं की विनंती हेड ऑफिसला पाठवली आहे. संध्याकाळपर्यंत मी दर पाच मिनिटांनी बघत होते. निघायच्या वेळी उत्तर आलं, नामंजूर. कारणाची जागा रिकामी होती.

सकाळी नवरा बॅग लावून, बूट घालून दारात उभा होता. रात्री मी तोंड उघडलंच नव्हतं. फोन वाजला. त्यांनी मेसेज मोठ्यानं वाचला, "आज आपके लिए कोई विज़िट नहीं है. आपका दिन शुभ हो." मग नोंदी उघडून तिसरी कुणाची ते पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी पाय धरले असते. ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "मामाजीनं बरोबरच देल्ले. त्यांच्या हातून तीन म्हंजे लय झाले." आवाज पुन्हा बारीक झाला होता.

नियमाप्रमाणे प्रशिक्षण झालं की माणूस परत यादीत येतो. प्रशिक्षण कधी, ते कुणालाच माहीत नाही. तो डबा हेड ऑफिसच्या ताब्यात आहे. मी विचारते, साहेब खांदे उडवतात. घरी मिक्सर पुन्हा उघडला आहे. आणि मी रोज दहा वाजता त्याच पडद्यासमोर बसते, कारण आता घरात दुसरी नोकरी नाही.

मागच्या आठवड्यात बाबांच्या फिल्टरची पुढची सर्व्हिस झाली. दुसरा मेकॅनिक आला, दहा मिनिटांत गेला. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मशीनखाली भगोनं ठेवलेलं होतं आणि त्यात थेंब थेंब पाणी पडत होतं. बाबा फोन हातात घेऊन बसले होते. सर्वे आला होता. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, बोट नेमकं टेकवलं आणि पाच दाबला. मग मला विचारलं, "झालं ना? बराबर गेला ना थो? अजून काई दाबा लागते का?"

"मशीन टिपून राहिली आहे बाबा."

"टिपू दे. त्याच्या बी घरी कोनी असंल."

मी म्हटलं, उद्या ह्यांना पाठवते, वायसर बघून जातील. बाबांनी घाईघाईनं मान हलवली. "नको. थो खाली बसून काम करते आन मी खुर्ची टाकून पाहतो. आता थे नाई होत माझ्याच्यानं."

आम्ही दोघांनी मिळून भगोनं रिकामं केलं आणि परत मशीनखाली ठेवलं.